पोत्याच्या मापानं नको, माशाच्या वजनानं खाद्य टाका! शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचा खरा हिशोब

सोलापूर : सांगोला, पंढरपूर, मोहोळ, माढा या पट्ट्यात डाळिंब आणि द्राक्षासाठी खोदलेल्या शेततळ्यांत आता बऱ्याच जणांनी मासे सोडलेत. पाणी आहेच, त्यात हजारभर बोटुकली सोडली तर काय बिघडलं, असा साधा विचार. बोटुकलीला फार पैसे लागत नाहीत. खरा खर्च सुरू होतो खाद्याच्या पोत्यापासून. खाद्य टाकून केलेल्या मत्स्यपालनात एकूण खर्चातला निम्मा, कधी त्याहून जास्त खर्च एकट्या खाद्याचा असतो. आणि हिशोब नेमका तिथंच सुटतो.

रोज सकाळी एक घमेलं, संध्याकाळी एक घमेलं. जूनमध्ये बोटुकली सोडली तेव्हाही घमेलं आणि जानेवारीत मासा अर्धा किलोचा झाला तरी घमेलंच. अशी पद्धत असेल तर सुरुवातीला खाद्य वाया जातं आणि नंतर मासा उपाशी राहतो. दोन्हीकडून नुकसान. गाई-म्हशीला पेंड घालताना आपण दूध बघतो, अंग बघतो, गाभण आहे का बघतो. माशाच्या बाबतीत मात्र तो पाण्याखाली असतो म्हणून डोळे झाकून टाकतो.

आधी पैशाचं गणित

किती किलो खाद्य टाकल्यावर माशाचं वजन एक किलोनं वाढतं, याला खाद्य रूपांतर गुणोत्तर म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. दीड किलो खाद्यात एक किलो मासा वाढला तर हे गुणोत्तर दीड. रोहू, कटला अशा माशांना चांगलं तरंगतं खाद्य मापात दिलं तर दीडच्या आसपास हिशोब बसू शकतो. बेहिशेबी टाकलं तर तोच आकडा दोन, अडीचवर जातो. मासा तेवढंच खातो, बाकीचं पाणी खातं.

आता धरून चला की खाद्य ५० रुपये किलो आहे. तुमच्या भागात दर कमी-जास्त असेल, तो घालून बघा. गुणोत्तर दीड असेल तर एक किलो मासा वाढवायला ७५ रुपयांचं खाद्य लागलं. अडीच असेल तर १२५ रुपये. तळ्यावर मासा ११०-१२० रुपयांनी गेला, तर पहिल्याला काहीतरी उरलं आणि दुसऱ्यानं खिशातून घातले. त्यात बोटुकली, लाईट, मजुरी अजून धरलेलीच नाही. एका तळ्यातून ६०० किलो मासा काढायचा म्हटलं तर पहिल्याचं खाद्य ९०० किलो, म्हणजे ४५ हजार. दुसऱ्याचं १,५०० किलो, म्हणजे ७५ हजार. तळं तेच, मासा तोच, ३० हजारांचा फरक फक्त टाकणाऱ्या हाताचा.

कमी टाकलं तर काय, जास्त टाकलं तर काय

मासा जे खातो त्यातला पहिला हिस्सा नुसता जगण्यावर खर्च होतो. पोहणं, श्वास घेणं, अंगाची झीज भरून काढणं. तेवढंच मिळालं तर मासा मरत नाही, पण वाढतही नाही. महिनाभर खाद्य टाकून वजन जिथल्या तिथं, अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा हेच झालेलं असतं. खाद्य थोडं थोडं वाचवलं असं वाटतं, पण ते सगळं नुसत्या जगण्यात संपलेलं असतं.

जगण्यापुरत्याच्या वर जे मिळतं त्यातून वजन वाढतं. खाद्य वाढवत नेलं की वाढ जोरात होते. पण ही वाढ सरळ रेषेत चढत नाही. एका टप्प्यानंतर खाद्य वाढवलं तरी वजन थोडंच वाढतं, आणि आणखी वाढवलं तर अजिबात वाढत नाही. म्हणजे मासा सगळ्यात जोरात वाढतो ते माप आणि खाद्याचा पैसा सगळ्यात चांगला वसूल होतो ते माप, ही दोन मापं वेगळी आहेत. दुसरं माप पहिल्यापेक्षा थोडं खाली असतं. म्हणून जाणकार सांगतात की माशाचं पोट गच्च भरेपर्यंत टाकू नका, थोडी भूक ठेवूनच थांबा.

कमी खाद्याचा आणखी एक तोटा लवकर लक्षात येत नाही. खाद्य अपुरं पडलं की मोठा, चपळ मासा पुढं येऊन खातो, बारका मागं राहतो. पुढच्या महिन्यात मोठा आणखी मोठा आणि बारका तसाच. काढणीला एकाच तळ्यात पाऊण किलोचा रोहू आणि दीडशे ग्रॅमचाही रोहू. व्यापारी भाव लावताना साईज बघतो, मग बारक्याच्या भावानं रास मोडायला बघतो.

रोहू-कटल्याला पोटच नाही

ऐकायला विचित्र वाटेल, पण रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे सगळे ज्या कुळातले आहेत त्या माशांना खरं जठर नसतं. खाल्लेलं साठवून ठेवायची पिशवीच नाही, सरळ लांब आतडं. त्यामुळे एकाच वेळी भरपूर टाकलं तर ते खाल्लेलं नीट न पचता पुढं सरकतं. तेच खाद्य दोन वेळा, बोटुकली लहान असताना तीन-चार वेळा विभागून दिलं तर जास्त अंगी लागतं.

पंगसचं उलटं आहे. त्याला चांगलं मोठं जठर आहे आणि तो टाकाल तेवढं खातो. बघणाऱ्याला वाटतं, काय झकास खातोय. पण जादा खाल्लेलं त्याच्या पोटात चरबी होऊन बसतं. वजन काट्यावर दिसतं, कापल्यावर पिवळी चरबी निघते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून पंगस मागतोय म्हणून टाकत राहणं ही फसगत आहे.

माप कसं ठरवायचं

नियम एकच. तळ्यात एकूण किती किलो मासा आहे ते काढायचं आणि त्याच्या ठरावीक टक्के खाद्य दिवसाला द्यायचं. मासा लहान असताना टक्का जास्त आणि मोठा होत जाईल तसा कमी. लहान लेकरू अंगाच्या मानानं जास्त खातं, तसंच हे. पाणी कोमट, म्हणजे २६ ते ३० अंशांच्या आसपास असताना रोहू-कटल्याला तरंगत्या खाद्याचा ढोबळ अंदाज असा धरता येतो :

१० ते ५० ग्रॅमचा मासा : वजनाच्या ५ ते ६ टक्के
५० ते १०० ग्रॅम : ४ टक्के
१०० ते २५० ग्रॅम : ३ टक्के
२५० ते ५०० ग्रॅम : २ ते अडीच टक्के
५०० ग्रॅमच्या पुढं : १ ते दीड टक्का

हजार बोटुकली सोडली आणि ती १० ग्रॅमची असेल, तर तळ्यात एकूण १० किलो मासा झाला. त्याच्या ६ टक्के म्हणजे ६०० ग्रॅम, सगळ्या दिवसाचं मिळून. इथं घमेलंभर टाकणारा माणूस पहिल्याच आठवड्यात किती वाया घालवतो ते यावरून दिसेल.

पुढं मासा १०० ग्रॅमचा झाला. आता हजारातले किती शिल्लक असतील? बगळे, पाणकावळे, खंड्या, मर हे सगळं धरून ८०० राहिले असं समजू. ८० किलो मासा, ३ टक्क्यांनी दिवसाला २ किलो ४०० ग्रॅम खाद्य. मासा २५० ग्रॅमचा झाला की २०० किलो, २ टक्क्यांनी ४ किलो. अर्धा किलोचा झाला की ४०० किलो, दीड टक्क्यांनी ६ किलो. टक्का खाली येत गेला तरी किलो वाढत गेले. घमेलं मात्र दोन्ही वेळा तेवढंच राहतं, गडबड तिथंच होते.

यात सगळ्यात फसवा आकडा आहे तो शिल्लक माशांचा. सोडले हजार म्हणून आजही हजारच धरले, तर वरच्या हिशोबात २ किलो ४०० ऐवजी ३ किलो खाद्य पडेल. रोज ६०० ग्रॅम नसलेल्या माशांना. महिन्याला १८ किलो, ५० च्या दरानं ९०० रुपये. म्हणून बोटुकली घेताना गाडीतून उतरवतानाच मोजून घ्यावी. दुकानदार वाटीनं मोजून देतो, त्यातल्या एका वाटीत किती आली हे एकदा तरी स्वतः मोजावं. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात मेलेली वर तरंगते, ती वहीत लिहावी. पक्ष्यांसाठी तळ्यावर जाळी किंवा दोऱ्या बांधल्या तर शिल्लक मासाही जास्त राहतो आणि अंदाजही पक्का होतो.

पंधरा दिवसांनी वजन

मासा तोलल्याशिवाय हे गणित चालत नाही. दर १५ दिवसांनी, नाहीच जमलं तर महिन्यातून एकदा, सकाळी खाद्य टाकायच्या आधी फेकजाळं टाकून २५-३० मासे काढायचे. एका बादलीत पाणी घेऊन वजन करायचं. मग त्यात मासे टाकून पुन्हा वजन करायचं. फरक भागिले माशांची संख्या, हे सरासरी वजन. मासे लगेच परत पाण्यात. कोरड्या पाटीत टाकून तडफडत ठेवू नका, खवले निघतात आणि पुढं बुरशी धरते. शक्यतो दोन-तीन ठिकाणी जाळं टाकावं. खाद्य टाकायच्या जागेवरच टाकलं तर मोठेच सापडतात आणि सरासरी फुगते.

एक सांगायलाच हवं. प्लास्टिक कागद टाकलेल्या तळ्याचा उतार शेवाळानं निसरडा झालेला असतो. जाळं टाकताना माणूस घसरला तर धरायला काही नसतं, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठावर खुंट्याला जाड दोर बांधून त्याचं टोक पाण्यात सोडलेलं असावं, आणि वजन करायला एकट्यानं जाऊ नये.

वजनाचा आकडा आला की तो मागच्या आकड्याशी लावून बघायचा. १५ दिवसांत किती किलो खाद्य गेलं आणि एकूण मासा किती किलोनं वाढला. भागाकार दीड-पावणेदोनच्या आत असेल तर चाललंय ते बरं चाललंय. दोनच्या वर गेला तर काहीतरी चुकतंय. खाद्य जास्त पडतंय, पाणी बिघडलंय, नाहीतर मासे वाटतात तेवढे शिल्लक नाहीत.

तक्ता बघा, पण पाणीही बघा

खाद्याच्या कंपनीचा तक्ता पोत्यावर छापलेला असतो. तो चांगल्या, कोमट, खेळत्या पाण्याचा असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडतं. माशाचं अंग पाण्याच्या तापमानाप्रमाणं चालतं, त्याला आपल्यासारखी अंगची ऊब नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटल्याची भूक निम्म्यावर येते, आणखी गारठलं तर खाणं जवळजवळ थांबतं. अशा वेळी तक्त्याप्रमाणं टाकलेलं खाद्य तळाला जाऊन कुजतं. थंडीत दिवसाला एकदाच, दुपारी ऊन तापल्यावर टाकलेलं बरं. शंभर-दीडशे रुपयांचा साधा पाण्याचा थर्मामीटर मिळतो, तो तळ्यावर दोरीला बांधून ठेवावा.

पावसाळ्यात ढग दाटून आलेले दिवस सगळ्यात धोक्याचे. पाण्यातली हिरवी शेवाळं उन्हात प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच प्राणवायू घेतात. दिवसभर ऊनच नसेल तर साठा होत नाही, आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू तळाला जातो. त्यात खाल्लेलं पचवायलाही माशाला जादा प्राणवायू लागतो, आणि उरलेलं खाद्य कुजवणारे जिवाणूही तोच ओढतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळं. भूक लागलीय असं समजून अशा वेळी खाद्य टाकणं म्हणजे आगीत तेल. तेव्हा खाद्य पूर्ण बंद, आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वरून कारंज्यासारखं पाडायचं, नाहीतर तळ्यातलंच पाणी पंपानं उचलून उंचावरून परत तळ्यात सोडायचं. पाण्यात एका लिटरमागं ५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर मासा मन लावून खातो. ३ च्या खाली गेला की खाणं सोडतो.

म्हणूनच खाद्याची वेळ ऊन वर आल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला आणि दुसरी संध्याकाळी चार-पाचला. शेतात जाता जाता सहा वाजता टाकून मोकळं व्हायची सवय सोडावी लागेल. त्या वेळी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो.

आपल्या भागातली खास अडचण उन्हाळ्याची. मार्च-एप्रिलमध्ये बागेला पाणी उचललं जातं आणि तळं निम्म्यावर येतं. मासा मात्र तेवढाच, उलट आता मोठा. निम्म्या पाण्यात दुप्पट दाटी झाली, आणि टाकलेल्या खाद्याची घाणही निम्म्या पाण्यातच. माशाच्या लघवी-विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. पाणी जितकं तापलेलं आणि त्याचा सामू (पीएच) जितका जास्त, तितका तो जास्त विषारी. इथं टक्क्याचा तक्ता बाजूला ठेवून खाद्य कमीच करावं लागतं. त्यापेक्षा शहाणपणाचं म्हणजे मोठे मासे फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून विकायचे आणि बारक्यांना जागा करून द्यायची. बाग की मासा असा पेच मेमध्ये पडला तर बागच जिंकते, हे आधीच धरून चालावं.

खाल्लं की नाही, कसं कळणार

तरंगत्या खाद्याचा मोठा फायदा हा की ते डोळ्याला दिसतं. टाकल्यावर १५-२० मिनिटांत संपलं तर माप बरोबर. पाच मिनिटांत फस्त झालं आणि मासे अजून घिरट्या घालताहेत, तर पुढच्या वेळी थोडं वाढवा. अर्ध्या तासानंही दाणे तरंगताहेत, तर दहा टक्के कमी करा, आणि आधी पाणी तपासा. सगळं एकदम फेकायचं नाही. ठरलेल्या मापातलं अर्धं टाकायचं, बघायचं, मग बाकीचं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं टाकलं तर सगळं एका काठाला जाऊन बसतं, म्हणून वारा पाठीमागून घेऊन पसरून टाकावं.

भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड कालवून टाकणारे अजून बरेच आहेत. स्वस्त पडतं, यात खोटं नाही. पण ते पाण्यात विरघळतं, आणि दीडऐवजी त्याचं गुणोत्तर खूप वर जातं. टाकायचंच असेल तर आंध्रात कोल्लेरू भागातले मत्स्यशेतकरी करतात तसं करावं. बारीक भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधून पाण्यात लोंबकळत सोडायचं. मासा भोकाला तोंड लावून लागेल तेवढं ओढतो. संध्याकाळी पोतं वर घेतलं की किती उरलं ते हाताला कळतं. दुसरा उपाय म्हणजे जाळीची पाटी दोरीनं तळाशी सोडायची, दोन तासांनी वर घेऊन बघायची.

कोणता मासा कुठं खातो हेही ध्यानात ठेवावं. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. नुसतं तरंगतं खाद्य टाकलं तर मृगळाच्या वाट्याला कमी येतं. मातीच्या तळ्यात तो गाळातलं काहीबाही शोधून खातो, प्लास्टिकच्या तळ्यात ते फारसं नसतं. तिथं मृगळ कमी सोडावा, नाहीतर थोडं बुडणारं खाद्यही द्यावं.

मातीचं तळं असेल आणि पाण्याला हिरवट रंग असेल तर त्यात रोहू-कटल्याचं नैसर्गिक खाद्य तयार होत असतं, म्हणून वरचं खाद्य कमी चालतं. हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. पंजा अंधुक दिसत असेल तर पाणी ठीक. कोपराच्या किती तरी आधीच हात दिसेनासा झाला तर हिरवळ जास्त झालीय, खाद्य आणि शेण दोन्ही थांबवावं. प्लास्टिकच्या तळ्यात पाणी निवळ असेल तर सगळी भिस्त पोत्यावर, हे गृहीत धरूनच मासे किती सोडायचे ते ठरवावं.

खाद्याचं पोतं जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावं. ओल लागून बुरशी आलेलं खाद्य, विशेषतः शेंगदाणा पेंड, माशाला घालू नये. त्यातल्या विषानं यकृत बिघडतं आणि मासा खाऊनही वाढत नाही. दाण्याची साईज माशाच्या तोंडाप्रमाणं, बोटुकलीला एक-दोन मिलिमीटर, मोठ्याला चार.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावं. पोट भरलेला मासा वाटेत पाणी घाण करतो, मेला तर आतडी लवकर कुजतात, आणि भिगवण किंवा इंदापूरच्या बाजारात पोचेपर्यंत पोट फुगून नरम पडतो. शेवटच्या दिवशी टाकलेल्या त्या सहा किलोंतून वजन वाढत नाही, भाव मात्र पडतो.